परतीची रिकामी गाडी

नारायणगावात टोमॅटोचा हंगाम लागला की माझ्या दुकानी येणाऱ्या पिकअपवाल्यांचं मागणं ठरलेलं असतं : ‘गाडी मागून बसते, दोन पाटे वाढवा.’ गेली सव्वीस वर्षं मी कमानपाट्याचं काम करतोय. माझा पहिला प्रश्नही ठरलेला. ‘परत येताना काय आणतोस?’

गेल्या श्रावणात ओतूरकडच्या एका पोराला हेच विचारलं. तो म्हणाला, ‘काय नाही काका, रिकामे क्रेट. आणि कधी कधी आई असते, मुंबईला बहिणीकडे गेलेली.’

म्हणजे निम्मा रस्ता गाडी रिकामीच. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. 8 मिलिमीटरचा पाटा काढून तेवढ्याच लांबीचा 10 चा टाकला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. भरल्या गाडीला ते मानवेल. रिकामी गाडी मात्र खड्ड्याखड्ड्यावर उडते, मागची चाकं रस्ता सोडतात, आणि ओल्या डांबरावर नेमका तेव्हाच ब्रेक लागला तर गाडी आडवी होते.

याहून मोठा धोका आहे तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दल मी जरा जास्तच बोलतो. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाइनवर भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते, मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो, म्हणजे मागची चाकं जाम होत नाहीत. आता पाटे वाढवून किंवा लांब शॅकल लावून मागची बाजू उचलली, की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते. अशी गाडी दीड टन टोमॅटो घेऊन पावसात माळशेज उतरते, तेव्हा थांबवण्याचं जवळजवळ सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं. पुढच्या डिस्क तापून निळ्या पडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चालकांना वाटत होतं, पॅड हलक्या प्रतीचे निघाले.

त्या पोराची कमान मी आधी उतरवली. सेंटर बोल्टापाशी तिसरा पाटा तुटलेला, बाकीचे सपाट झालेले, बुश झिजलेले. गाडी बसत होती ती यामुळे. तुटका पाटा बदलला, बाकीच्यांना पुन्हा कमान दिली आणि वर एक हेल्पर पाटा लावला. रिकाम्या गाडीत तो कशालाच टेकत नाही, भार आला की कामाला लागतो. व्हॉल्व्हची दांडी मापात बसवली. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा कसायला ये, असं बजावलं. पाटे जागेवर बसले की ते हमखास ढिले होतात.

त्याला टायरही मोठे हवे होते, 215/75 आर 15 च्या जागी 235/75. मी हिशेब मांडला. टायरची उंची 30 मिलिमीटर वाढते, पण डिफरन्शियल जमिनीपासून उचललं जातं फक्त 15. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 च्या पुढे असते. प्रत्येक गिअर चार टक्के जड होतो, चढाला क्लच घासतो, ब्रेकचा जोरही तेवढाच घटतो. आणि रुंद टायर म्हणजे जास्त वजन घेणारा टायर नव्हे. त्यासाठी टायरवरचा भारांक वाचायचा : 100 म्हणजे एका टायरला 800 किलो.

हौसेने हायलक्स पिकअप घेतलेलेही येतात. 265/65 आर 17 काढून 285/70 घालायचे असतात. त्यात उंची सात टक्के वाढते, मग टायर मडगार्डला घासतो, म्हणून पुढून लिफ्ट. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. उचलली की ॲक्सलचे जॉइंट तिरके चालतात, रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर येतं. मी 265/70 च्या पुढे जाऊ देत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आहेच, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

पोराने मूळ मापाचेच टायर घेतले. दसऱ्याला गाडीला फुलं वाहून घ्यायला आला होता. म्हणाला, ‘काका, परवा वाशीहून येताना आई शेजारी होती. आळेफाट्यापर्यंत झोपून आली.’