दशमीची भरती

पक्ष्यांचे फोटो काढायला कुठे जावं असं विचारलं, की भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, ताडोबा ही नावं लगेच पुढे येतात. ती योग्यच आहेत. पण सुट्टी सगळ्या घराची असते आणि शिमग्याला आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या खाडीजवळ निघालेलं असतं. पालखी, पाहुणे, पुरणपोळ्या यांत दिवस जातो. सकाळ मात्र मी माझ्यासाठी मागून घेते. त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्न माझ्यापुढे कधी नसतोच. आहे त्या गावात पक्षी कुठे आणि केव्हा जवळ येतील, एवढंच शोधायचं असतं.

समुद्रावर आधी वेळ शोधायची आणि मग जागा, हे मला खाडीत पाग टाकणाऱ्या एका काकांनी शिकवलं. ओहोटी होती. पाणी दूर गेलं होतं आणि चिखले, तुतवार ओल्या पुळणीवर असे विखुरले होते की ४०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही ठिपकेच दिसत होते. माझी धडपड बघून काका म्हणाले, "उद्या दशमी ना गो? साडेसाताला पाणी पुरं भरेल. त्याच्या आधी जाऊन त्या वाळूच्या दांड्याजवळ बस. पक्षीच तुझ्याकडे येतील."

कोकणात हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. नेमक्या मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं, पण सुट्टीचे दिवस ठरवायला एवढं पुरतं. दशमीच्या आसपास भरती आणि सकाळचं कोवळं ऊन एकत्र येतात. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी समुद्राकडे तोंड करून बसलं की सूर्य पाठीमागच्या डोंगरावरून वर येतो आणि पक्ष्याच्या पिसन् पिसावर उजेड पडतो. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळ्या आकृत्या मिळतात.

दशमीला मी उजाडायच्या आत पोचले आणि वाळूत पालथी पडून राहिले. पाणी चढत गेलं तशी चरायची जागा आक्रसत गेली आणि पक्षी थव्याथव्याने उरलेल्या कोरड्या दांड्यावर उतरू लागले. पुढे चिखले, त्यांच्यामागे लांब वाकड्या चोचीचे कोरल, कडेला कुरव आणि सुरय. फाल्गुनात हे पक्षी पाहण्यात वेगळाच आनंद आहे. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या चिखल्यांच्या छातीवर आता विटकरी रंग चढू लागलेला असतो आणि काही कुरवांची डोकी गडद होऊ लागलेली असतात. विणीच्या प्रदेशात परत जायची ती तयारी. म्हणून भरतीच्या वेळी दांड्यावर टेकलेला थवा उठवणं मला क्रूरपणा वाटतो. हजारो किलोमीटर उडायला अंगात चरबी साठवायची असते आणि उगाच उठवलेल्या प्रत्येक झेपेत तीच खर्च होते. थव्यातल्या माना वर झाल्या की मी जिथे आहे तिथेच थांबते. हल्ली पुळणीवर गाड्या पळवणारे पर्यटक वाढले आहेत. ती गाडी थव्यात घुसते तेव्हा मला खरोखर संताप येतो.

पौर्णिमेपर्यंत भरती दुपारच्या रखरखीत उन्हात सरकते. मग मी किनारा सोडून झाडांकडे वळते. त्या दिवसांत पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात. पान नाही, नुसती लाल फुलं. असं एखादं झाड डोंगर-उतारावर खालच्या अंगाला मिळालं तर उत्तमच, कारण पायवाटेवर उभं राहिलं की शेंडा डोळ्यांसमोर येतो आणि आभाळाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीऐवजी मागे समोरच्या डोंगराची हिरवळ मिळते. मधासाठी भोरड्या, साळुंक्या, कोतवाल, हळद्या, शिंजीर सगळे तिथेच येतात. भोरड्यांची कपाळं परागांनी माखलेली असतात. अशी झाडं कुठल्या नकाशात नसतात, ती गुराख्यांना आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांना ठाऊक असतात. काजऱ्याची आणि उंबराची झाडंही मी त्यांनाच विचारून ठेवते. फळं धरली की तिथे ककणेर धनेश येण्याची शक्यता असते.

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना डोक्यावर घारी आणि कुरव घिरट्या घालतात. उडत्या पक्ष्यांचा सराव करायला एवढी चांगली शाळा नाही. कासवांच्या पिल्लांसाठी याच दिवसांत वेळासला आणि आंजर्ल्याला गर्दी होते. तिथे दोरीच्या अलीकडे राहून, फ्लॅश पूर्ण बंद ठेवून, कॅमेरा वाळूला टेकवून जे मिळेल ते घ्यावं. वेळासला २००२ पासून ही अंडी राखली जात आहेत. त्यामागे कितीतरी रात्रींची राखण आहे आणि ती आपल्या फोटोहून मोठी आहे.

गेल्या शिमग्यात एका ओळखीच्यांनी उत्साहाने सांगितलं, "वहिनी, समुद्रगरुडाचं घरटं दाखवतो, पिल्लू आहे आत." मी नको म्हटलं. ही जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं वापरते आणि माणसांची ये-जा वाढली तर ते सोडूनही देऊ शकते. त्याऐवजी मी विचारलं, तो मासा घेऊन खायला कुठे बसतो? त्यांनी थोडा विचार केला आणि सुरूच्या बनातलं एक वाळलेलं झाड दाखवलं. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापाचे मणके पडले होते, म्हणजे ठिकाण रोजचं होतं. झाडापासून बरंच दूर, सूर्य पाठीशी घेऊन मी बसले. पहिल्या सकाळी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर समुद्राकडून आला, पंजात समुद्रसाप लोंबत होता. फांदीवर बसून त्याने तो निवांत खाल्ला, चोच फांदीला घासून पुसली आणि पुन्हा पाण्याकडे गेला. मी तिथे आहे याची त्याने दखलही घेतली नाही. माझ्याकडचा समुद्रगरुडाचा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.