बोहारीण काय नाकारते

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांवरून जाताना पत्रा दाबणाऱ्या आणि पॉलिश करणाऱ्या यंत्रांचा आवाज दिवसभर कानावर येतो. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. मुंबई परिसरात अशीच भांडी टोपलीत घालून बोहारीण दारोदार फिरते आणि जुने कपडे घेऊन पातेली-डबे देते. टिकाऊ फॅशनवर हल्ली पुष्कळ बोललं जातं, पण तिचं नाव त्यात क्वचितच येतं. मला मात्र कपड्याची पारख तिच्याइतकी कुणाला असेल असं वाटत नाही.

ती साडी पुरती उलगडते, उजेडासमोर धरते, दोन्ही अंगठ्यांनी ताणून विरलीय का बघते. शर्टाची कॉलर, काख, पँटची चेन, सगळ्यावरून तिची बोटं फिरतात. खऱ्या जरीच्या काठाला ती लगेच ओळखते, कारण तो वितळवून चांदी निघते. तिने नेलेला कपडा धुऊन, रफू करून, इस्त्री करून जुन्या बाजारात बसतो आणि कुणाच्या तरी अंगावर पुन्हा चढतो. अगदीच गेलेल्याच्या चिंध्या होतात, त्या कारखान्यात यंत्रं पुसायला जातात.

अलीकडे तिने नाकारलेल्या ढिगात नवे कपडेच जास्त दिसतात. पाच-सहा धुण्यांत गोळे आलेले टॉप, पीळ पडून वाकडे झालेले टीशर्ट. उसवून सैल करावेत तर शिवणीत माया सोडलेली नाही. पॉलिस्टरचा पोछाही नीट होत नाही, पाणी फारसं शोषत नाही. मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी आणि गोधड्या व्हायच्या. या नव्या कपड्याचं पुढे काहीच होत नाही. तो स्वस्त ठेवण्यासाठी त्याचा दुसरा जन्म आधीच कापून टाकलेला असतो.

आणि या स्वस्ताईपायी माणसंही जातात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राना प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळली, तेव्हा ११०० हून अधिक कामगार गेले. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिले होते, तरी त्यांना शिलाईला बसवलं गेलं. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांचा माल वेळेत जायला हवा होता.

आपल्याकडे अशा स्वस्त कपड्यांचा शेवटचा मुक्काम उत्तनला. मीरा-भाईंदरचा कचरा तिथल्या धावगी डोंगरावर जातो. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, ते कुजत नाही. कचऱ्याला आग लागली की धूर खाली कोळ्यांच्या वस्त्यांत उतरतो. मासळी सुकवणाऱ्या कोळणींनी आमच्या सेलमधल्या खरेदीचा धूर का गिळायचा? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

हातमागाचे, सेंद्रिय कापसाचे महागडे कपडे हा मार्ग चांगला आहे, पण लोकलच्या पासाचा हिशेब करणाऱ्या घराला तो परवडत नाही. परवडतं ते हेच: कमी घेणं, शिवण उलटून बघून घेणं, फाटलं तर शिवणं आणि घालवायचं तेव्हा योग्य हातात देणं. अल्टरवाला अजून गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसतो. बोहारीण मात्र दिसेनाशी होत चालली आहे. तिचं जिणं सोपं कधीच नव्हतं. डोक्यावर भांडी, काखेत गाठोडं आणि गर्दीतला प्रवास, तेही तुटपुंज्या कमाईसाठी. आता तर इमारतींच्या फाटकांवर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या आहेत आणि ती वॉचमनसमोर उन्हात उभी असते.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मी एक विषय मांडणार आहे. महिन्यातून एका रविवारी तिला आत येऊ द्यावं, जिन्याखालची सावलीतली जागा आणि पिण्याचं पाणी द्यावं. तिने बाजूला काढलेला ढीगही लगेच उचलू नये. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो बघावा, कुठल्या दुकानाचे कपडे त्यात आहेत ते बघावं.