चाचे कुणाच्या गावचे?

ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात १६१५ सालचं एक डच चित्र आहे. स्पॅनिश लढाऊ जहाजं बार्बरीच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांशी झुंजतायत. चित्रकार कॉर्नेलिस व्रूम, राहणार हारलेम. वडील हेन्ड्रिक व्रूम म्हणजे डच समुद्रचित्रांचे आद्यपुरुष, त्यामुळे शिडं, डोलकाठ्या, दोरखंड हे सगळं घरातच शिकलेलं. (चिरंजीव पुढे समुद्र सोडून झाडं आणि रानं रंगवायला लागले आणि त्यातच नाव काढलं. स्ट्रीम बदलणारे तेव्हाही होते तर!)

नेटवर हे चित्र झूम करकरून पाहताना मला आधी एकच प्रश्न पडला. डच माणसाच्या चित्रात चाच्यांशी लढणारे स्पॅनिश कसे? डच लोक तर १५६८ पासून स्पेनशीच लढत होते! पण १६०९ मधे बारा वर्षांचा तह झाला होता आणि चित्र त्या तहाच्या काळातलं.

खरी गंमत चाच्यांच्या बाजूला आहे. युद्ध चालू असताना स्पॅनिश जहाजं लुटायचा सरकारी परवाना डच खलाशांना मिळायचा. परवाना असला तर देशसेवा, नसला तर चाचेगिरी. लायसन्सचं महत्त्व आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको. तसं 'पायरेट' या शब्दाशी आपलंही जुनं वाकडं आहे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, पण इंग्रजांच्या लेखी पायरेट. १७२४ मधे तर डचच विजयदुर्गावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. असो.

तर व्रूमच्याच हारलेमचा एक यान यान्सझून नावाचा खलाशी होता. असाच परवानेवाला. चित्रानंतर तीनच वर्षांनी, १६१८ मधे, तो बार्बरी चाच्यांच्या हाती लागला. अल्जीयर्सला नेल्यावर गडी मुसलमान झाला, मुराद रईस हे नाव घेतलं आणि पुढे मोरोक्कोतल्या साले बंदरात चाच्यांचा थेट अ‍ॅडमिरल बनला! १६३१ मधे त्यानं आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावावर धाड घातली आणि शंभरावर माणसं, बायकापोरांसकट, गुलाम म्हणून उचलून नेली. त्याला रॉबिनहूड करायची मला तरी इच्छा नाही.

पण १६२२ चा प्रसंग ऐकाच. त्याचं जहाज हॉलंडच्याच फेर बंदरात शिरलं. मोरोक्कोशी मैत्रीचा करार असल्यामुळे डचांना त्याला हाकलताही येईना. मग त्यांनी हारलेमला मागे राहिलेली त्याची बायको आणि मुलं जहाजावर आणून उभी केली. बाबा रे, आता तरी घरी चल.

तो काही बधला नाही. उलट जाताना बंदरातली काही डच पोरं त्याच्या जहाजावर भरती होऊन गेली.

१६४० मधे त्याची मुलगी लिस्बेथ मोरोक्कोला त्याला भेटायला गेली. बाप तोवर म्हातारा झाला होता. काही महिने त्याच्याजवळ राहून ती हॉलंडला परतली.