तीन बाय पाचचा छापखाना

माझा छापखाना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावतो. चेस, म्हणजे अक्षरांचे खिळे आवळायची चौकट, आतून जेमतेम ३ इंच बाय ५ इंच. आपलं पोस्टकार्डसुद्धा त्यात पुरतं बसायचं नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरिडन गावच्या विल्यम केल्सीनं १८७२ मध्ये असली यंत्रं विकायला काढली, 'एक्सेलसियर' नावानं. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी पोरं. व्हिजिटिंग कार्डं छापून ती चार पैसे मिळवत आणि त्या पैशांत स्वतःची वर्तमानपत्रं काढून टपालानं एकमेकांना धाडत. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात या हौशी पत्रकारांनी राष्ट्रीय संघटनासुद्धा काढली!

सांगलीला दादांची पायानं चालवायची छपाईची ट्रेडल होती, त्यामुळे न्यू जर्सीत हे जुनं यंत्र घेताना मला ते खेळणंच वाटलं. पहिल्या आठवड्यात त्यानं माझी खोड मोडली. दांडा दाबला की रूळ वर शाईच्या तबकडीवर चढतात, कागद खिळ्यांना भिडतो. सोडला की रूळ खिळ्यांना शाई लावत खाली उतरतात. दर खेपेला तबकडी थोडी फिरते, शाई सारखी पसरते. झकास. पण ट्रेडलला पाय असतो, जड चाक असतं. इथं सगळा भार एका मनगटावर. हावरेपणानं चेस भरून मजकूर लावला आणि निम्मी अक्षरं पुसट उठली. चार ओळींवर आलो तेव्हा कुठे ठसा बसला.

त्या अमेरिकी पोरांचं एक सुख मात्र आमच्या वाट्याला नव्हतं. इंग्रजीचे खिळे एका केसमध्ये, म्हणजे खान्यांच्या एका पेटीत, मावतात. दादांच्या जुळाऱ्यासमोर काना, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो घरं असायची. देवनागरीचा छापखाना पोराच्या टेबलावर कसा मावणार?

तरी परवा लेकीनं हट्ट धरला, माझं नाव मराठीत हवं. सांगलीहून आणलेले मूठभर खिळे डब्यात होते. त्यांची उंचीही ०.९१८ इंचच, इथल्यासारखी. चेसमध्ये आवळले, प्रूफ काढलं. 'श्रावणी'मधली वेलांटी झिजलेली, उठेचना. दादा करायचे तसा टिश्यूचा नखाएवढा कपटा कागदामागच्या पॅकिंगखाली बरोबर तिच्या जागी चिकटवला. दुसरा कपटा. तिसऱ्याला वेलांटी उठली, पण शेजारच्या 'ण'चा दांडा फिका पडला. लेक म्हणाली, चालेल. मी कात्री पुन्हा हातात घेतली.