चौथा बनपाव

लंडनमधला पावसाळी, गारठलेला दिवस. अंगावर आखूड झालेला झगा, बुटांत पाणी आणि शिक्षा म्हणून दुपारचं जेवण बंद. अशात सारा क्रू मनातल्या मनात एक खेळ खेळत चाललेली असते. समजा, वाटेत सहा पेन्स सापडले, तर सहा गरमागरम बनपाव घ्यायचे आणि दम न घेता फस्त करायचे! तेवढ्यात चिखलात खरंच नाणं चमकतं. चार पेन्सचं. समोर बेकरीही असते. फक्त तिच्या पायरीवर आणखी एक पोर बसलेली असते, साराहून मळकी, साराहून भुकेली.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मधला (१९०५) हा प्रसंग. एकेकाळची श्रीमंत सारा आता मिंचिनबाईंच्या शाळेत मोलकरणीसारखी राबते आणि तिथल्याच माळ्यावर राहते. सारा आधी बेकरीवालीला विचारते, हे नाणं तुमचं तर नाही ना? मग चार पाव मागते. बाई तिचा चेहरा बघून सहा घालते. म्हणजे मनात मांडलेले सहाच्या सहा हातात आले. बाहेर येऊन ती एक पाव त्या पोरीच्या मांडीवर ठेवते, मग आणखी. चौथा ठेवताना तिचा हात थरथरतो. तरी पाचवाही जातो. पोर आभार मानत नाही. खाण्यातून तिचं तोंड मोकळं होईल तेव्हा ना!

मला ही कादंबरी आवडते ती त्या थरथरत्या हातासाठी. बालपुस्तकांतली गुणी मुलं देताना डगमगत नाहीत, म्हणूनच ती खोटी वाटतात. बर्नेटबाईंना चणचण नुसती ऐकून माहीत नव्हती. वडील लहानपणीच गेले, १८६५ साली कुटुंब मँचेस्टर सोडून अमेरिकेत टेनेसीला गेलं, आणि मासिकांकडे कथा धाडायचा टपालखर्च त्यांनी रानद्राक्षं विकून उभा केला. त्यांची साराही काही संत नाही. एका वाईट दिवशी ती आपल्या लाडक्या बाहुलीला फटका मारून खुर्चीवरून पाडते. आणि मिंचिनबाई उपकार ऐकवू लागल्या की तोंडावर सांगते, तुम्ही दयाळू नाही आणि हे घरही नाही.

सारा जन्मली हिंदुस्थानात. शेजारच्या घरातल्या नोकराचं, रामदासचं, माकड पळून तिच्या माळ्यावर येतं, तेव्हा ती रामदासशी हिंदुस्तानीत बोलते आणि त्या परक्या शहरात त्याचा चेहरा खुलतो. पुढे तिच्या माळ्यावर गुपचूप शेकोटी पेटते, गरम जेवण येतं, उबदार पांघरूण येतं. ही कल्पना मुळात रामदासची. पैसा त्याच्या साहेबाचा, म्हणून उपकारकर्ता ठरतो साहेब. त्या पैशामागे हिऱ्याच्या खाणी आहेत. त्या खणणाऱ्यांच्या हातांबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही.

शेवटी साराला तिची संपत्ती परत मिळते. बेकरीवालीने त्या पायरीवरच्या पोरीला केव्हाच घरात घेतलेलं असतं. आणि शाळेतली मोलकरीण बेकी? माळ्यावर साराच्या भिंतीपलीकडे कुडकुडणारी, तिच्याइतकीच उपाशी बेकी साराबरोबर नव्या घरी जाते खरी, पण तिची दासी म्हणून. बाकी सगळं पुस्तक मी डोक्यावर घेईन. हा एक हिशेब मात्र बर्नेटबाईंचा चुकला.