मानद चिटणीस

संस्थांच्या फलकांवर ‘मानद अध्यक्ष’, ‘मानद चिटणीस’, ‘मानद खजिनदार’ अशीं पदें लिहिलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं असतील. ‘मानद’ म्हणजे मान देणारें. व्यवहारांत मात्र त्याचा अर्थ ‘बिनपगारी’ एवढाच उरतो. या दोन अर्थांमध्यें किती अंतर आहे, याचा अनुभव गेल्या वर्षीं आमच्या घरास आला. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें करावे गांव खाडीच्या कांठीं वसलेलें आहे. आगरी व कोळी लोकांचा येथें पिढीजात वास असून भातशेती व मासेमारी हे त्यांचे जुने व्यवसाय. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठीं जमिनी संपादन करण्यांत आल्या आणि शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. आज एका भिंतीच्या अलीकडे गांवचें जुनें घर, तर पलीकडे भाडेकरूची खोली, असा प्रकार आहे. पूर्वीं सून कामास गेली तरी तिचें लेंकरूं आजीच्या पदराखालीं वाढे. भाडेकरूंची आजी मात्र सातारा-सोलापुराकडे राहिलेली!

या गरजेंतूनच आमच्या आळींत तान्ह्यांहून मोठ्या व शाळेहून लहान अशा मुलांसाठीं एक खेळवर्ग सुरू झाला. मुलें सकाळीं दोन तास येतात, मातींत खेळतात, गाणीं म्हणतात, डबा वांटून खातात. शिकविणाऱ्या बाई पगारी आहेत. बाकीचा कारभार पालकांची लहानशी समिति विनावेतन पाहते. गेल्या जून महिन्यांत चिटणीसबाईंचें मूल शाळेंत गेलें आणि त्यांनीं पद सोडलें. समितीनें माझ्या आईस विचारलें. दुसरें कोणी पुढें न आल्यास दिवाळीनंतर वर्ग बंद करावा लागेल, असेंही कळविलें.

घरांत दोन तट पडले. आजी म्हणाली, “घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!” बाबांचें म्हणणें वेगळें होतें. आपला धाकटा आतां पहिलींत गेला. मग हा व्याप कोणासाठीं?

हा प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर मला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या चरित्रांत सांपडलें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें; १९२३ मध्यें ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९३६ सालीं त्यांनीं दादरला शिशुविहार सुरू केला. पुढें १९४५ मध्यें, त्रेपन्न वर्षांच्या असतां, त्या डहाणू तालुक्यांतील बोर्डीस गेल्या. तेथें अनुताई त्यांच्या सहकारी झाल्या. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या दोघींनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा भरविली. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाई १९७३ मध्यें निवर्तल्या. अनुताईंनीं १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, तें चालविलें. अनुताईंस बालपणींच वैधव्य आलें होतें. त्यांना स्वतःचें मूल नव्हतें. ‘हा व्याप कोणासाठीं?’ असें त्यांना विचारावयाचें झाल्यास सारें कोसबाडच उत्तर देईल.

तथापि केवळ थोरांच्या उदाहरणानें आमच्या आळीचा प्रश्न सुटत नाहीं, हेंही खरें. त्या दोघींनीं आपला जन्म वाहिला. आमच्या समितींतील मातापित्यांजवळ आठवड्याचे फार तर तीन-चार तास असतात. शिवाय अशा संस्थेस एक उपजत दुखणें आहे. मूल वर्गांत असतें तोंवर पालकांस कळकळ असते. काम अंगवळणीं पडेपर्यंत तें मूल शाळेंत जातें व पालकही जातात. प्रत्येक समितीस मग ओनाम्यापासून आरंभ करावा लागतो. जागेचा करार कोणाजवळ, भाडें केव्हां द्यावयाचें, कोणत्या मुलास शेंगदाणे वर्ज्य आहेत, हें सारें एकाच बाईच्या स्मरणांत असेल, तर तिच्याबरोबर संस्थाही उठून जाते.

आईनें दोन दिवस विचार केला व दोन अटींवर होकार दिला. पहिली अट अशी कीं, जिचें मूल नुकतेंच वर्गांत आलें आहे अशी एक तरुण माता सहचिटणीस म्हणून तिच्याजवळ बसावी आणि सभेचें इतिवृत्त व जमाखर्च वहींत लिहिला जावा. दुसरी अट, महिन्याचा पहिला खर्च शिकविणाऱ्या बाईंचा पगार हाच असावा.

ही दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोंचला. परंतु तेथील सेविकांस मिळतें तें वेतन नव्हे, ‘मानधन’! निवृत्तीच्या वेळीं मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीवरील त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला, तो २०२२ सालीं. समितीनें स्वतः विनावेतन राबावें, हें तिला भूषणावह आहे; परंतु जिची चूल त्या कामावर पेटते तिच्याकडून तसल्याच त्यागाची अपेक्षा करणें न्याय्य नव्हे.

वर्ग बंद पडला नाहीं. रविवारीं बाबा जमाखर्चाची बेरीज तपासतात. आजी कुरकुरते, आणि मुलांसाठीं चिंचेचे चिंचोकेही निवडून धाडते. सहचिटणीस झालेल्या बाई आतां सभेचें इतिवृत्त स्वतः लिहितात. पुढील जूनमध्यें आई पद सोडील, तेव्हां तिच्या जागीं कोण, हें आजच ठरलेलें आहे.

हा अंक आमच्याबरोबर आमचे पालकही वाचतात, म्हणून एक विनंति करतें. आपल्या आळींतील अशा समितीची सभा भरेल तेव्हां आपलें मूल मोठें झालें असलें तरी एकदां जाऊन बसावें. मान मिळेल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. काम मात्र निश्चित मिळेल.