रांगेतले कागद

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण आमच्या गुंजवण्याच्या माणसांना तो माहीत आहे. नाव तेवढं माहीत नाही.

युनिक्स सर्व्हरवर प्रिंट दिली की ती आधी फाइल होऊन 'स्पूल'मध्ये रांगेत बसते. अशा फाइली साठत जातात आणि एके रात्री डिस्क भरते. मग प्रिंटच काय, त्याच डिस्कवर लॉग असतील तर तेही बंद. यावर ठरलेला उपाय म्हणजे क्रॉनमध्ये एक ओळ टाकायची: सात दिवसांपेक्षा जुनं दिसेल ते उडव. (गंमत म्हणजे फाइंडच्या 'एमटाइम +७'ला पुरे आठ दिवस लागतात!)

मला ही ओळ पटत नाही. छापून झालेल्या कामांच्या फाइली आजचं कप्स स्वतःच टाकून देतं, मूळ सेटिंगमध्ये एका दिवसानंतर. म्हणजे जुनं म्हणून उरतं ते बहुतेक न छापलेलंच.

मी एका पतसंस्थेचे सर्व्हर बघतो. पावसाळ्यात वीज जाता-येता एका शाखेतला प्रिंटर जळाला आणि दुरुस्तीला पुण्याला गेला, तो बारा दिवस. रांगेत बेबाकी दाखले. सॉफ्टवेअरमध्ये 'दाखला दिला' अशी नोंद झालेली, दुसरी प्रत काढायची तर वरिष्ठांची परवानगी. त्यात आमच्या चुलत्यांचाही दाखला होता. राजगडाच्या पायथ्यापासून दोन हेलपाटे झालेले, भातलावणी तोंडावर आणि बेबाकीशिवाय पीककर्ज नाही. ती ओळ असती तर नवव्या दिवशी त्यांचा कागद गेला असता, आणि कुणाला कळलंही नसतं.

म्हणून माझी स्क्रिप्ट आधी एलपीस्टॅटला विचारते. प्रिंटर बंद असेल तर त्याच्या रांगेला हात लावत नाही, फक्त शाखेला यादी पाठवते. प्रिंटर चालू असूनही काम अडकलं असेल तर शाखेचा होकार घेऊन 'कॅन्सल' देते. फाइल परस्पर 'आरएम' करत नाही, कारण कप्सच्या लेखी ते काम तसंच उरतं. डिस्कसाठी स्पूलला वेगळं विभाजन दिलं, भरलं तर तेवढंच भरेल.

साहेब म्हणाले, एका ओळीचं काम साठ ओळींत केलंस. केलं खरं.

तेराव्या दिवशी प्रिंटर आला आणि रांग सोडली. चुलते म्हणाले, "एवढे दिवस कुठं होता रे हा कागद?" स्पूल कसं सांगायचं त्यांना? म्हटलं, "रांगेत होता, आप्पा."